चार देशांचा तक्ता

शनिवारी सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा जयवंती वाडीत सोनचाफा खुडत होती. पलीकडच्या माणसाने विचारलं, "ऋतिका बळीराम चुरी तुमच्या कोण?" आणि तिच्या हातातली टोपली कलंडली. मुलगी तासाभरापूर्वीच स्कूटरवरून शाळेत शिकवायला गेली होती. जयवंतीच्या मनात नको ते येऊन गेलं. मग तो माणूसच सावरून म्हणाला, "घाबरू नका ताई. परदेशी नोकरीसाठी त्यांनी पोलिसांचा दाखला मागितलाय, त्याची चौकशी आहे. तुमच्याकडेच राहतात ना त्या?"

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडेच राहते."

तिने फुलं गोळा केली, पुड्या बांधल्या, बाजाराच्या टेम्पोत दिल्या. संध्याकाळी ऋतिका घरी आली तेव्हा तिला एवढंच विचारलं, "उद्याच्या उकडहंडीला कोनफळं किती काढू गं?"

जानेवारीतल्या एका रविवारी सगळे वटारच्या वाडीत जमायचे, हा जयवंतीच्या नवऱ्याने, बळीरामने घालून दिलेला रिवाज. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, पण हंडी कधी चुकली नव्हती. त्याचा धाकटा भाऊ जितेंद्र आणि त्याची बायको सुरुची वसईच्या एव्हरशाईन सिटीतून सकाळीच आले. सुमेध, ऋतिकाचा धाकटा भाऊ, सातिवलीला पॅकिंग कंपनीजवळच खोली घेऊन राहायचा; रविवारची पाळी बदलून घेऊन तोही आला. अण्णा, म्हणजे जयवंतीचे सासरे शांताराम गुरुजी, नारळाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. ऐंशी पूर्ण झाली होती, पण मडक्यात काय आधी आणि काय नंतर जायचं हे ते अजून काठीने दाखवत. खाली वालाच्या शेंगा, मग रताळी, मग कोनफळं, वर मसाला भरलेली छोटी वांगी, तोंडाला केळीची पानं. जितेंद्रने मडकं उलटं ठेवलं, भोवती पेंढा आणि झावळ्या रचून काडी लावली.

जाळ वर चढला तशी जयवंती पदराला हात पुसत म्हणाली, "भावजी, तुम्हाला कळलं का? आमची ऋतिका परदेशात चालली. मला पोलिसांनी सांगितलं."

ऋतिका पानं पुसत होती, तिचा हात थांबला.

"आई, मी आज सांगणारच होते."

"सांगितलंस की. कालच कळलं मला." जयवंतीने सुमेधकडे पाहिलं. तो जाळाकडे बघत होता. "तुलाही ठाऊक होतं."

"मी फक्त कागद स्कॅन करून दिले," सुमेध म्हणाला.

जितेंद्रला मात्र आनंद लपवता येईना. "अगं, मग लपवायचं काय त्यात? आठ वर्षं त्या शाळेत घासतेयस. कुठे, दुबई?"

"अजून ठरलं नाही काका. चार ठिकाणचं बघत होते. दोन ठिकाणी उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय."

"मग आण बघू. सगळे मिळून ठरवू," सुरुची म्हणाली. ती वीस वर्षं विमा कंपनीत काम करत होती. कुठलाही कागद समोर आला की तिचा चष्मा आपोआप कपाळावरून नाकावर यायचा.

ऋतिकाने आतून लांबट वही आणली. मधल्या दोन पानांवर पट्टीने रेघा मारून तक्ता केला होता. डावीकडे चार नावं: ओमान, व्हिएतनाम, जपान, मालदीव. वर रकाने: पगार, राहायची सोय, सुट्ट्या, कागदपत्रं, करार किती वर्षांचा. गेले आठ महिने शाळा सुटल्यावर, पेपर तपासून झाल्यावर ती हेच करत होती. एकशेवीस तासांचा ऑनलाइन कोर्स केला, पदवीच्या कागदांवर मुंबईत जाऊन शिक्के घेतले. एका दाखल्यावर नावाची सुरुवात इंग्रजी 'एच'ने आणि दुसऱ्यावर 'आर'ने, म्हणून प्रतिज्ञापत्र केलं. मस्कतच्या शाळेचा पत्ता तिथे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मैत्रिणीने, स्टेफीने दिला होता. बाकीचे तिने स्वतः शोधले होते. एकेका जाहिरातीला अर्ज करून, 'फक्त इंग्लंड-अमेरिकेचे उमेदवार' असं लिहिलेल्या पन्नास जाहिराती बंद करून.

सुरुचीने रकान्यांवरून बोट फिरवलं. "ओमान ठीक आहे. आपल्याच अभ्यासक्रमाची शाळा, शिक्षिकांना राहायला फ्लॅट. व्हिएतनामला पगार जास्त दिसतोय. हे मालदीव म्हणजे बेट ना? आणि जपानवर काट का मारलीस? मला तर तेच सगळ्यात चांगलं दिसतंय. सरकारी शाळा, आठवड्याला पाच दिवस..."

"ते नाही जमणार काकू."

"का?"

ऋतिका वही मिटायला लागली. "काही नाही, त्यांचे नियम असतात."

"सांग ना सरळ," सुमेध एकदम म्हणाला. त्यालाही आपला आवाज मोठा वाटला. "त्यांना बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेला माणूस पाहिजे. दाखल्यानिशी. हिची अकरावी-बारावीची दोनच भरतात. गंमत माहितीये काकू? माझी भरतात. मला आजही 'मच' कुठे आणि 'मेनी' कुठे ते कळत नाही, कंपनीतले ईमेल हीच तपासून देते. पण त्या फॉर्ममध्ये मी बसतो, ही बसत नाही."

त्याला वाटलं होतं बोलून हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. लहानपणापासून तो बूट आणि टाय घालून पिवळ्या बसमध्ये चढायचा आणि ताई चपला घालून चालत जायची. दोघांनी त्यावर कधी एक शब्द काढला नव्हता. आता तो त्याने सगळ्यांसमोर काढला होता, आणि सगळे अण्णा सोडून दुसरीकडे कुठेतरी बघत होते.

*

जयवंती मात्र अण्णांकडेच बघत होती.

सुमेधच्या वेळेस ती बाळंतपणाला माहेरी केळव्याला गेली होती. जाण्याआधी तिने ऋतिकाचा इंग्रजी शाळेचा फॉर्म भरून कपाटात ठेवला होता. नणदेकडून निळा, पट्ट्यांचा फ्रॉक मागून आणला होता, मुलाखतीला घालायला. पंधरा जूनला बळीरामचा निरोप आला, की अण्णांनी ऋतिकाचं नाव आपल्या शाळेत घातलं. ती दहा दिवसांची बाळंतीण होती. उठून यायची सोय नव्हती. आली तेव्हा पोरगी 'कमळ' वाचत होती, आणि अण्णा पाहुण्यांना सांगत होते, माणूस आईच्या भाषेतच विचार करायला शिकतो, गुरुजींनीच आपली नात दुसरीकडे घातली तर गावाने कोणाकडे बघायचं. बळीराम खाली मान घालून बसला होता. त्यानंतर सुमेधच्या शाळेच्या वेळी तिने कोणाला विचारलंच नाही.

त्या जूनपासून ती सासऱ्यांशी कामापुरतंच बोले. बळीराम होता तोवर त्याच्यामार्फत. तो गेल्यावर ते काम ऋतिकाकडे आलं. 'अण्णांना सांग, पान वाढलंय.' 'आईला विचार, डोळ्यांचे थेंब संपले का.' एका घरात, एका पंख्याखाली बसून. काल दिवसभर तिच्या मनात जे घोळत होतं ते परदेश नव्हतंच. मुली जातात. तिच्या मनात एवढंच होतं, की ही गेली की या घरात आपण आणि ते. दोघांच्या मध्ये कोणी नाही.

"ऐकलंत?" ती म्हणाली. थेट त्यांनाच. जितेंद्रने चमकून वर पाहिलं. "ऐकलंत ना काय म्हणाला तो? पंचवीस वर्षांपूर्वी मी हेच सांगत होते. तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही, कारण मी दहावी नापास आणि तुम्ही गुरुजी. आज एका परक्या देशाने कागदावर लिहून दिलं, तेव्हा तरी पटलं का?"

"वहिनी, आता जुनं काढून काय..." जितेंद्र म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा भावजी. तुमची पोरं कुठे शिकली ते मला माहिताय."

जितेंद्र काठीने निखारे सारखे करायला लागला.

"आई, पुरे," ऋतिका म्हणाली. "मातृभाषेतून शिकले म्हणून माझं काही अडलं नाही. अण्णांचं तत्त्व होतं ते. आपल्याला पटो न पटो."

अण्णांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

चौतीस वर्षं त्यांनी 'पानी' म्हणणाऱ्या मुलांकडून 'पाणी' म्हणवून घेतलं होतं. स्वतः घरात मात्र ते 'पानी'च म्हणत, आणि ते कोणाच्या लक्षात आलं की हसत. आज हसण्यासारखं काही नव्हतं. नातीने त्यांची बाजू घेतली होती. ती बाजू घेऊन गप्प बसणं सोपं होतं. पंचवीस वर्षं ते तेच करत आले होते. पण इतकी वर्षं ती बाजू त्यांनी रचून सांगितलेल्या गोष्टीवर उभी होती, आणि ती पोरगी ती गोष्ट खरी धरून आपल्या आईशी भांडत होती. हे त्यांना एकाएकी सहन होईना.

"तत्त्व नव्हतं ते," ते म्हणाले.

"काय?"

"मातृभाषेचं मी आजपन म्हणेन. ते खरंच आहे. पन त्या सकाळी मी भाषेसाठी तुझा हात धरला नव्हता." त्यांचा आवाज खाली आला होता, आणि शाळेची भाषा सुटून घरची आली होती. "पहिलीच्या पटावर एकोनीस पोरं होती. वीस झाली नसती तर वर्ग उचलून शेजारच्या गावात नेनार होते, आनि मला पन. साहेब पंधरा तारखेला मोजायला येनार होते. मी गावात घरोघर फिरलो. कोन देईना. सगळ्यांना इंग्रजी पायजे होतं. शेवटी कपाटातला तुझा फॉर्म बाजूला केला आनि तुला घेऊन गेलो. विसावं नाव तुझं."

जाळ बसला होता. मडक्याच्या कडेने मसाल्याचा वास सुटायला लागला होता, पण उठून बघायचं कोणाला सुचलं नाही.

"बळीरामला माहीत होतं?" जयवंतीने विचारलं.

"होतं. मीच सांगू नको म्हटलं त्याला."

नवऱ्याने त्या वेळी खाली घातलेली मान जयवंतीच्या डोळ्यांपुढे आली असावी. ती पाटावर बसली ती बसूनच राहिली.

"आणि वर्ग?" ऋतिका म्हणाली. "वाचला का वर्ग?"

"दोन वर्षं. तिसरीत तुला दुसऱ्या शाळेत घातलं नाही का. तेव्हा बंद झाला."

ऋतिकाने वही बाकावर ठेवली आणि ती वाडीच्या मागच्या बाजूला निघून गेली.

*

वाडीच्या टोकाला बावखल होतं, शिंपण्याच्या पाण्याचं जुनं तळं. काठावर केळी होत्या. ऋतिका पायऱ्यांवर बसली. तिला राग आला होता, पण तो कशाचा हे नीट सांगता येत नव्हतं. मराठी शाळेचा नाही. ती शाळा तिला आवडायची. खोटं सांगितल्याचा? तो होताच. पण त्याहून जास्त राग स्वतःचा होता. कॉलेजात मुलं तिच्या उच्चारांना हसायची, तेव्हा ती मनाशी म्हणायची, 'आमच्या घरचं तत्त्व आहे.' बी.एड.ला, नोकरीच्या मुलाखतीला, जपानच्या फॉर्मवर काट मारताना, दर वेळी तेच. त्या वाक्यावर ती उभी राहिली होती. आणि ते वाक्य म्हणजे हजेरीपटावरची एक रिकामी ओळ होती.

मागे काठीचा आवाज आला. अण्णा एकटेच चालत आले होते, काखेत तिची वही. तिने उठून हात दिला नाही. ते एकेक पायरी उतरून तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. दम लागला होता, तो खाली बसेपर्यंत थांबले.

"रागावलीस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "मी ते काढून घ्यायला आलो नाही. मी तक्ता बघितला. यात एक रकाना नाही."

"कोणता?"

"वर्गात मुलं किती."

ऋतिकाला हसू आलं नाही, पण ती वळली. आठ महिन्यांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. "मस्कतला बेचाळीस. स्टेफी म्हणते, आपलीच शाळा, फक्त बाहेर ऊन जास्त. शनिवारीसुद्धा बैठका असतात."

"आणि व्हिएतनामला?"

"पंधरा. छोटी मुलं, संध्याकाळचा क्लास." ती थांबली. "अण्णा, तिथे मी ऑनलाइन नमुना तास घेतला. चांगला झाला, मुलं हसत होती. नंतर तिथल्या बाई म्हणाल्या, तू आम्हाला आवडलीस, पण पालकांना तुझं नाव आम्ही रीटा सांगू. कुठली विचारलं तर लंडनला वाढले म्हण. तुझ्या रंगाचे लोक लंडनला असतात, चालून जाईल."

"तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हणाले." तिने पाण्यात खडा टाकला. "नाही म्हणायला हवं होतं. पण मी तीन दिवस आरशासमोर उभी राहून लंडनला वाढल्यासारखं बोलून पाहिलं. जमत होतं मला. त्याचीच जास्त लाज वाटली."

आता अण्णांचा उपदेश येईल असं तिला वाटलं. आला नाही.

"या बेटावर?" त्यांनी वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मोठ्या वर्गात अकरा मुलं. सायकलने वीस मिनिटांत सगळं बेट फिरून होतं. बोट आठवड्यातून दोनदा येते, समुद्र खवळला तर तीही नाही. तिथल्या मुख्याध्यापकांनी माझा उच्चार विचारलाच नाही. तुम्हाला स्वतःला इंग्रजी कशी आली, हे विचारलं."

"मग?"

"मग मी सांगत सुटले. पाचवीत पहिल्यांदा पुस्तक हातात आलं. 'इज' आणि 'आर' वाक्याच्या मध्येच का येतात ते कळायचं नाही. शेवटी क्रियापद आल्याशिवाय वाक्य संपलंय असं वाटायचंच नाही. मी रोज एक वाक्य मराठीसारखं लिहायचे आणि मग त्यातला शब्द उचलून मध्ये ठेवायचे. ते हसले. म्हणाले, आमच्या भाषेतही क्रियापद शेवटीच येतं, आमची मुलंही तिथेच अडखळतात. ज्यांना इंग्रजी जन्मतःच येते त्यांना हे दिसतच नाही. दोन शिक्षक येऊन गेले, दोघांनाही मुलं मठ्ठ वाटली."

अण्णांनी तोंड उघडलं. ऋतिकाने हात वर केला.

"नाही अण्णा. याचं श्रेय तुम्ही घ्यायचं नाही."

"घेत नाही," ते म्हणाले. "तुझं आहे ते. पाचवीत मी काही शिकवायला नव्हतो." मग थोडं थांबून म्हणाले, "तिथे संध्याकाळी बोलायला कोण असेल?"

"केरळची एक नर्स आहे. गणिताचे शिक्षक श्रीलंकेचे. बाकी माहीत नाही."

"ते कठीण जाईल तुला."

"हो."

"पहिले दोन महिने फार. मी सफाळ्याच्या पलीकडे एक वर्ष एकशिक्षकी शाळेत काढलंय. संध्याकाळी पाचनंतर काय करायचं ते आधी ठरवून जा. वही भरून जा त्याची."

ऋतिकाने आता हात पुढे केला. त्यांनी तो धरला, उठण्यापुरता.

*

ते दोघं परत आले तेव्हा मडकं उघडलं होतं. थोडं जास्तच शिजलं होतं, रताळी करपली होती. सुरुचीने पानं मांडली. जयवंती वाढत होती आणि कोणाकडे बघत नव्हती.

"मी बेटावर जाते," ऋतिका म्हणाली. "मालदीवला. दोन वर्षांचा करार आहे."

"बेटावर?" जितेंद्रचा घास हातातच राहिला. "अगं, व्हिएतनाम सोडून? पगार बघितलास का दोन्हीकडचा?"

तिने त्याला रीटाची गोष्ट सांगितली. सांगताना वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. एकदा सांगून झाली होती.

"एवढंच ना," जितेंद्र म्हणाला. "रीटा काय आणि सरिता काय. मी मालाडला कॉल सेंटरला होतो तेव्हा सहा वर्षं जेरी होतो. काय झालं मला?"

"झोपेत इंग्रजीतून माफी मागायचात," सुरुची म्हणाली. "लग्नानंतर वर्षभर. मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत की काय."

सुमेध हसला. जितेंद्रही हसला, पण मग त्याने पानाकडे पाहत म्हटलं, "एकदा आमच्या दिपिकाच्या शाळेतून फोन आला होता. पोर तापाने फणफणली होती. मी उचलला आणि म्हणालो, 'जेरी बोलतोय.' पलीकडून त्या बाईंनी फोन ठेवून दिला. राँग नंबर समजल्या." त्याने शेंग सोलली. "जा बाई तू बेटावर."

"दवाखाना आहे का तिथे?" जयवंतीने विचारलं. तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"आरोग्य केंद्र आहे. जास्त काही झालं तर बोटीने मोठ्या बेटावर."

"आणि जेवायला?"

"मासे, आई. सगळे मासेच."

जयवंतीने मान हलवली, जणू निदान तेवढी एक गोष्ट तरी बरोबर होती.

"मग अण्णांचं आम्ही बघतो," सुरुची लगेच म्हणाली. हे तिने आणि जितेंद्रने मघाशीच चुलीपाशी ठरवलं असावं. "आमच्याकडे लिफ्ट आहे. दिपिकाची खोली रिकामीच आहे. खाली बागेत त्यांच्या वयाचे दहाजण बसतात. वहिनींनाही मोकळं होईल. इतकी वर्षं केलं त्यांनी."

"बरोबर," जितेंद्र म्हणाला. "आज जे झालं त्यानंतर तर तेच बरं."

सुमेधने अण्णांकडे पाहिलं. बदलीचा हुकूम आलेल्या माणसासारखी त्यांनी मान डोलावली होती. विरोध नाही, प्रश्न नाही. काठी कुठल्या हातात धरायची तेवढं त्यांना कळत नव्हतं. सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटत होतं. ताईला जाता येणार होतं, आईला मोकळं होता येणार होतं, आणि त्याला स्वतःला दर सुट्टीला इथे येऊन दोन गप्प माणसांच्या मध्ये बसावं लागणार नव्हतं.

"ते कुठे जाणार नाहीत," जयवंती म्हणाली.

तिने कोनफळाचा तुकडा अण्णांच्या पानावर ठेवला. जोरात.

"वहिनी, तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी काय करायचं ते मला विचारलंत का? तेव्हाही नव्हतं विचारलं." तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "पंचवीस वर्षं मी एका गोष्टीवर रागावून होते, ती गोष्ट आज खोटी निघाली. आता मला खऱ्या गोष्टीवर रागवायचंय. नवऱ्यावर रागवावं तर तो राहिला नाही. हे आहेत. हे एव्हरशाईनला जाऊन बागेत बसले तर मी भांडू कोणाशी? भिंतीशी? मला ह्यांच्याशी भांडायचंय. नीट, सगळं, पहिल्यापासून. झालं की मग न्या हवं तर."

अण्णांनी कोनफळाचा तुकडा मोडला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"मग मागा की," जयवंती म्हणाली. "तोंड आहे ना."

*

सोमवारी ऋतिकाने शाळेला निघण्याआधी तीन मेल पाठवले. मस्कतला आभार मानून नकार. हनोईला दोन ओळी: आपण दिलेल्या संधीबद्दल धन्यवाद, माझं नाव ऋतिका आहे आणि मी वसईजवळच्या एका गावात वाढले, त्यामुळे मी या जागेसाठी योग्य नाही. तिसरा मेल लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. होकार एका वाक्यात झाला, पण मग तिने वर्गातल्या अकरा मुलांची नावं मागितली. ती कशी उच्चारायची तेही कळवा, असं खाली लिहिलं. दोन वर्षं, आठवड्याला दोन बोटी. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि हेल्मेट घेऊन व्हरांड्यात आली.

स्वयंपाकघरातून आवाज येत होते. तिची पहिली इच्छा आत जायची झाली. काय हवंय, काय संपलंय, कोणाला काय सांगायचंय. सवयीने पाऊल उचललंही गेलं. मग तिच्या लक्षात आलं, आवाज दोन होते, एकमेकांशी थेट बोलणारे.

"फ्रॉक कोणता घातला होतात तिला?" आई विचारत होती. "त्या दिवशी."

"निळा. पट्ट्यांचा."

"मला वाटलंच. तो मी मुलाखतीसाठी ठेवला होता." भांडं आपटल्याचा आवाज. "आणि वेणी?"

"मीच घातली."

"तुम्ही? किती घातल्यात?"

"एक."

"एक! तिला दोन लागायच्या. एकीने केस कपाळावर येतात तिच्या, दिवसभर हात लावत बसते. कोणी विचारायचं तरी!"

"कोनाला विचारनार? तू केळव्याला होतीस."

व्हरांड्यात ऋतिका हेल्मेट छातीशी धरून उभी होती. त्या दिवसातलं तिला काहीच आठवत नव्हतं. फ्रॉक नाही, वेणी नाही.

"रडली का?" आईचा आवाज आता निराळा होता.

"नाही. रडली नाही." अण्णा थांबले. "फाटकापर्यंत दर दोन पावलांनी मागे वळून बघायची. मला वाटलं घराकडे बघते. मग कळलं, तू कुठे दिसतेस का ते बघत होती."

शाळेला उशीर होत होता. ऋतिका हलली नाही, आणि आतही गेली नाही. स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि आई खाली बसत म्हणाली, "हं. पुढे सांगा."